मुदतवाढ

बँकेतल्या मुलीने "एक मिनिट हं मॅडम" म्हणून फोन धरून ठेवायला सांगितला, तेव्हा ती दवाखान्यात, कान तपासायच्या बूथबाहेर उभी राहून काचेतून आतल्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहत होती. त्यांच्या डोक्यावर हेडफोन होता, हातात बटण होतं, आणि मशीन सुरूही झालेलं नसताना ते मधूनमधून बटण दाबत होते. असं पुष्कळजण करतात. ऐकू येत नाही हे कबूल करायचं जिवावर येतं, मग आवाज आलाच असणार असं धरून दाबत राहतात. एरवी तिला त्याचा कंटाळा येई, कारण मग सगळी तपासणी पुन्हा करावी लागते. पण आज सकाळपासून तिला कशाचाच कंटाळा येत नव्हता. फोन तिने अगदी साध्या कामासाठी केला होता. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता या महिन्यात जायचा होता. तो गेल्यावर घराचे मूळ कागद परत घ्यायला काय काय आणावं लागतं, दोघांनी यायला हवं की एकाने आलं तरी भागतं, एवढंच तिला विचारायचं होतं. विचारायची घाईही नव्हती खरं तर. हे वाक्य एकदा मोठ्याने बोलून बघावं, असं वाटलं म्हणून फोन केला होता.

"मॅडम, तुमचं लोन अजून चालू आहे," मुलगी म्हणाली.

"हो, या महिन्यात संपतंय."

"नाही, म्हणजे, मुदत वाढलीय ना तुमची. व्याजाचा दर वाढला तेव्हा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवलीय. अजून सहा वर्षं आणि वर काही महिने दिसतायत."

"कोणी वाढवली?"

"पहिल्या अर्जदारांना विचारलेलं आहे. तुम्ही दुसऱ्या अर्जदार आहात. सरांनीच सांगितलंय, हप्ता नको, मुदत वाढवा." मग त्या मुलीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती आवाज उतरवून म्हणाली, "बहुतेक सगळ्यांचं असंच होतं मॅडम. वीस वर्षांचं कर्ज वीस वर्षांत फिटलेलं मी तरी अजून बघितलं नाही."

ती "बरं" म्हणाली. "थँक यू"सुद्धा म्हणाली. फोन पर्समध्ये ठेवून ती मशीनसमोर बसली आणि कामाला लागली. उजव्या कानाला बारीक आवाज दिला, थोडा वाढवला, आणखी थोडा वाढवला. आतले गृहस्थ आता स्वस्थ बसले होते. भिंतीकडे बघत होते. तिने आलेखावर खूण केली, पुढच्या पट्टीवर गेली, पुन्हा खूण केली, आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की उजव्या कानाच्या लाल गोलांऐवजी आपण डाव्या कानाच्या निळ्या फुल्या मारत आलो आहोत. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिने तो कागद काढून घेतला, नवा लावला आणि बूथचं दार उघडून म्हणाली, "काका, पुन्हा एकदा करू या. माझं चुकलं." गृहस्थांनी हेडफोन एका बाजूने उचलला. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. ती पुन्हा मोठ्याने म्हणाली, "माझं चुकलं."

सहा वर्षं. ती एक्कावन्नची होती. सहा वर्षांनी माणूस मरत नाही, पण नवीन काही सुरूही करत नाही. आणि काय सुरू करणार होती ती? एक भाड्याची खोली, एक पलंग, चहाचं एक भांडं, तेवढंच. यापेक्षा मोठं स्वप्न तिने कधीच पाहिलं नव्हतं, आणि म्हणूनच ते मिळणारच, अशी तिची खात्री होती. मोठं मागणाऱ्याला मिळत नाही, हे तिला समजत होतं. इतकं लहान मागितल्यावर कोण नाही म्हणेल?

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टच्या टपावर बसून अंधाऱ्या विहिरीतून वरखाली जायचा, संध्याकाळी हाताला ग्रीस लावून घरी यायचा आणि कपडे धुवायच्या भुकटीने हात धुवायचा. ते राहत होते त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याच्याच घराला चार जिने, हा सगळ्या नातेवाइकांचा ठरलेला विनोद होता आणि सुरुवातीला ते दोघंही त्याला हसत असत. घर घेतलं तेव्हा ती तिशीची होती. मुलगी शाळेत जात होती. बँकेत दोघांनी इतक्या ठिकाणी सह्या केल्या की शेवटी शेवटी तिला आपलंच नाव अनोळखी वाटायला लागलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला होता, "आता आपण कुठे जायचं नाही," आणि तेव्हा ते तिला आवडलं होतं. किती सुखाने म्हणाला होता तो. किल्ली हातात आल्यावर रिकाम्या घरात तिघं जमिनीवर बसली होती. मुलीने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळून पाहिलं होतं, आणि ती फरशीवर तळहात टेकून बसली होती. फरशी गार होती. आपली फरशी, असं मनात म्हणून पाहिलं होतं तिने, पण तसं विशेष काही वाटलं नव्हतं.

पुढे काय बिघडलं हे तिला नीट सांगता येत नसे. तो दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता, बाहेर कुणी नव्हतं. तिचंही नव्हतं. मुलगी एकदा चिडून म्हणाली होती, "निदान भांडा तरी, म्हणजे मला बाजू घेता येईल." भांडायला काही नव्हतंच. दोघांचं बोलणं कमी कमी होत गेलं आणि राहिलं ते हप्त्याचं. भरलास का, भरला, तुझ्याकडून किती, माझ्याकडून एवढे. एका वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. काढली. साधी होती. हॉस्पिटलमध्ये तो रोज कामावरून परस्पर यायचा, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचा, हात गुडघ्यांवर ठेवून. एकदा ती भुलीतून नुकती बाहेर येत होती, जीभ कोरडी होती, आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती, की आता हा काही बोलेल. तो म्हणाला, "या महिन्याचा हप्ता मी तुझा पण भरलाय." त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. चांगलंच होतं. पण तिला वाटलं की आपण कुठल्या तरी लांबच्या खोलीत आहोत, आणि हा बाहेरून भिंतीवर टकटक करून विचारतोय, अजून आहेस ना.

घरी आल्यावर काही दिवसांनी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कांदा चिरता चिरता तिने त्याला विचारलं, "आपण वेगळं राहिलो तर?"

तो पाणी पीत होता. त्याने ग्लास खाली ठेवला आणि म्हणाला, "चालेल."

फरशीचा रंग निवडताना तो असंच म्हणाला होता. पंखा कुठला घ्यायचा, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, रविवारी कोणाकडे जायचं, सगळ्याला त्याचं चालेल. त्याने ओरडायला हवं होतं असं नाही. पण निदान पेल्यातलं पाणी तरी संपवायचं राहून जायला हवं होतं. ते त्याने नंतर संपवलं. मग म्हणाला, "पण हप्ता?" आणि मग दोघं त्याच टेबलाशी, कांद्याची सालं बाजूला सारून, बराच वेळ हिशेब करत बसली. कित्येक वर्षांत इतकं बोलली नव्हती. एकाच्या पगारात हप्ताही भरायचा आणि दुसरीकडे भाडंही, हे त्यालाही जमणार नव्हतं आणि तिलाही नाही. आत्ता विकलं तर काहीच हाती लागत नव्हतं, कारण इतकी वर्षं भरलं ते बहुतेक नुसतं व्याजच होतं, मुद्दल होतं तिथेच बसलेलं होतं. मग ठरलं की लोन फिटलं की घर विकायचं, अर्धं अर्धं घ्यायचं, आणि ज्याने त्याने आपल्या वाटेने जायचं. तोवर इथेच. तो पुढच्या खोलीत, ती आतल्या. गॅसवर आधी ती, मग तो. इतक्या समजूतदारपणे सगळं ठरलं की उठताना तो तिला म्हणाला, "तू फार नीट विचार करतेस." लग्नानंतर त्याने तिचं केलेलं बहुधा ते पहिलंच कौतुक होतं.

त्या दिवसापासून तिने त्याला 'अहो' म्हणणं सोडलं. सोडलं म्हणजे, तोंडातून येईना. एकदम 'अरे' म्हणायला जीभ वळत नव्हती. त्यामुळे ती त्याच्याशी हाकेशिवाय बोलायला लागली. वाक्य एकदम मधूनच सुरू करायची, "दूध तापवलंय", "बिल आलंय", आणि ते कुणाला उद्देशून आहे हे घरात दुसरं कुणी नसल्यामुळे आपोआप ठरायचं. मुलगी होती तोवर जरा अवघड जायचं. मग तीही शिकायला म्हणून दुसऱ्या गावी गेली आणि नोकरी लागून तिकडेच राहिली. फोनवर ती कधीकधी चेष्टेने विचारायची, "काय म्हणतात भाडेकरू नंबर एक आणि भाडेकरू नंबर दोन? मालकीणबाई बँक बऱ्या आहेत ना?" त्यावर ही हसायची. मुलीला सगळं माहीत होतं आणि काही पटत नव्हतं. "राहताय ना एवढी वर्षं, मग राहा की तसंच," ती म्हणायची. "आता काय वेगळं होणारे?" तिला कसं सांगायचं? वाट बघत राहणं आणि नुसतंच राहणं यांत बाहेरून काही फरक दिसत नाही. आतून त्यावरच सगळं उभं असतं.

काम संपल्यावर ती घरी गेली नाही. खोलीकडे गेली. गेल्या महिन्यात तिने ती ठरवली होती, एका महिन्याचं भाडं आगाऊ देऊन. मालकीण निवृत्त नर्स होती आणि सगळी गल्ली तिला अजून सिस्टरच म्हणत असे. खोली वरच्या मजल्यावर होती, एका खिडकीची, कोपऱ्यात मोरी. सिस्टरने रंग कुठला देऊ विचारलं होतं आणि ती बावचळून गेली होती, कारण एकटीला विचारून रंग ठरवायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने फिका पिवळा सांगितला होता. आज भिंतींना तो लागलेला होता. रंगाचा वास अजून गेला नव्हता आणि खिडकी उघडी ठेवलेली होती.

"बघा, तुमचा पिवळा," सिस्टर म्हणाली. "मला वाटलं होतं जरा आजारी दिसेल. पण नाही दिसत."

"सिस्टर, मला जमणार नाही," ती म्हणाली.

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर पेशंटांच्या तोंडाकडे बघितलेली बाई होती, फार विचारलं नाही. "घरी काही?"

"लोन लांबलं."

"किती?"

तिने सांगितलं. सिस्टरने खिडकीच्या चौकटीवर पडलेला रंगाचा ठिपका नखाने खरवडला. "मी थांबले असते हो. पण मला भाड्यावरच चालवायचंय. तुमचे आगाऊ दिलेले सगळे नाही देता येणार, रंगाला गेलेत त्यातले. राहिलेले देते."

"राहू द्या."

"राहू द्या कशाला? नडलेल्या माणसाने पैसे सोडू नयेत." सिस्टर खाली जाऊन पैसे घेऊन आली आणि तिच्या हातात कोंबून म्हणाली, "बसायचंय का जरा? बसा. मी खाली आहे."

ती पलंगावर बसली. गादी नव्हती, नुसत्या फळ्या होत्या. समोर पिवळी भिंत होती. या भिंतीवर काय लावायचं ते तिने ठरवलं नव्हतं, पण काहीतरी लावायचं हे ठरवलं होतं. तिने रडायचा प्रयत्न करून पाहिला. आलं नाही. थोड्या वेळाने तिला जाणवलं की आपण पलंगाच्या अगदी कडेला बसलो आहोत, पर्स मांडीवर घेऊन, पाय जवळ ओढून, बाकीची सगळी खोली दुसऱ्या कुणासाठी मोकळी सोडून. इथे तर कुणीच नव्हतं. तिने पर्स बाजूला ठेवली, पाय पसरले, मध्ये सरकून बसली. आणि तसं बसल्यावर इतकं अवघडल्यासारखं झालं की ती उठलीच.

घरी तो आलेला होता. मोरीत हात धुत होता. पाण्याबरोबर काळा फेस वाहत होता. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, पर्स खांद्यावरच होती.

"बँकेत फोन केला होता," ती म्हणाली.

त्याचे हात थांबले नाहीत, पण हळू झाले. "हं."

"सहा वर्षं."

"हं. तेवढीच असतील."

"विचारलं होतं त्यांनी."

"विचारलं होतं. तीन वर्षं झाली. मी टपावर होतो, फोन आला. हप्ता वाढवू की मुदत, म्हणाले. हप्ता वाढला असता तर पोरीची फी राहिली असती त्या वर्षी." त्याने नळ बंद केला. "मुदत म्हटलं."

"मला सांगायचं."

"सांगणार होतो." तो टॉवेलला हात पुसत राहिला, कोरडे झाल्यावरही. त्याचे केस आता पार पांढरे झाले होते. कधी झाले हे तिने पाहिलं नव्हतं. "त्याच सुमाराला तू सकाळी गॅसपाशी गुणगुणायला लागली होतीस. आधी कधी गुणगुणायची नाहीस. मी बाहेर ऐकायचो. म्हटलं, सांगू पुढच्या आठवड्यात. मग तेही राहिलं."

वाटभर तिने राग जपून आणला होता, भरलेलं भांडं सांडू न देता आणावं तसा. त्याने फसवलं, लपवलं, सहा वर्षं परस्पर विकून टाकली, असं बरंच काही बोलायचं होतं. आणि या माणसाने एका वाक्यात तो राग तिच्या हातातून काढून घेतला होता. आता तिच्याकडे तोही नव्हता. तिला वाटलं, याने मुद्दाम केलं असतं तर किती बरं झालं असतं. दुष्ट माणसाला सोडून जाता येतं. गुणगुणणं ऐकून गप्प बसणाऱ्याला काय करायचं? आणि ती खरंच गुणगुणत होती का? काय गुणगुणत होती? तिला आठवेना. म्हणजे तीन वर्षं ती सुखात होती आणि ते फक्त त्याला ऐकू येत होतं.

"आत्ताच विकलं तर?" तिने विचारलं.

"दोन एजंटांना विचारून आलोय. चार जिने म्हटल्यावर कुणी वर यायलाच तयार नाही. आलं कुणी तरी बँक आपलं आधी घेणार. उरेल त्यात एकाचंही काही व्हायचं नाही."

"तुम्ही कुठे जाणार होतात? विकल्यावर?"

तो जरा ओशाळला. "मी काही ठरवलं नव्हतं. म्हटलं, जो कुणी घेईल त्याला विचारू, पुढची खोली भाड्याने देतो का."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तो म्हणाला, "तुला जायचं असलं तर जा. मी रात्रीच्या ड्यूट्या घेतो, हप्ता ओढतो एकटा." तो हे मनापासून म्हणत होता, हे तिला दिसत होतं. त्याच्या बोटांच्या सांध्यांना सूज होती. डावा अंगठा नीट वळत नव्हता. विहिरीत लोंबकळायचं काम करणारा माणूस. आपण पिवळ्या खोलीत पलंगावर पडलो आहोत आणि हा कुठेतरी अंधारात तारेला धरून आपल्या वाटणीचा हप्ता ओढतो आहे, असं चित्र तिला दिसलं. ती खोली मग खोली राहिली नसती. "नको," ती म्हणाली. प्रेमाने नव्हे. त्याचं देणं अंगावर घेऊन ती कुठेही गेली असती तरी इथेच राहिली असती.

पुढच्या शनिवारी दोघं बँकेत गेली. तीच मुलगी होती, फोनवरची. तिच्या आवाजावरून तिने ओळखलं. त्यांच्या मुलीपेक्षाही लहान असावी. तिने कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि समजावून सांगितलं की हप्ता थोडा वाढवला तर मुदत चार वर्षांवर आणता येईल. सर निवृत्त व्हायच्या आत संपेल. "वाढवताय का? किती वाढवायचा ते दोघं बोलून घ्या हवं तर," असं म्हणून ती मुद्दाम दुसरीकडे बघू लागली. बोलायचं काय होतं? खोलीच्या भाड्यासाठी तिने पगारातून जेवढे बाजूला धरले होते तेवढे तिने सांगितले. त्याने तेवढेच आपले सांगितले. मुलीने आकडे घातले, मशीन थोडा वेळ विचार करत राहिलं, आणि चार वर्षं आणि वर एक महिना, असं उत्तर आलं. "खूप छान झालं," मुलगी म्हणाली. "लोक असं करत नाहीत. नुसते लांबवत जातात." तिने पेन पुढे केलं. त्याने सही केली. पेन तिच्याकडे सरकवताना त्याने विचारलं, "चालेल ना?" आणि ती म्हणाली, "चालेल." म्हणाल्यावर तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. अगदी त्याच्यासारखा, कशालाही धरून नसलेला. हा शब्द तो इतकी वर्षं कसा म्हणत आला असेल, हे तिला तेव्हा कळलं. होकार द्यायला आत कुणीतरी असावं लागतं, आणि नकारालाही. दोन्ही नसलं की चालेल.

परतताना एकाच बसमध्ये बसावं लागलं, दुसरी नव्हती. ती खिडकीशी बसली. तो मागे कुठेतरी उभा राहणार होता, पण पुढे सरकणाऱ्या एका बाईने "इथे आहे की जागा, बसा" म्हणून त्याला तिच्याशेजारी बसवलं. कंडक्टर आला. "एक," ती म्हणाली आणि थांब्याचं नाव सांगितलं. "एक," तो म्हणाला आणि तेच नाव सांगितलं. कंडक्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि दोन तिकिटं वेगवेगळी फाडून दिली. बस हलली. काही वेळाने तो झोपी गेला. आदल्या रात्री ड्यूटीवर होता. तोंड थोडं उघडं पडलं होतं, मान वळणावर तिच्या बाजूला यायची आणि खांद्याला लागायच्या आत परत जायची, झोपेतसुद्धा. तिकडे जायचं नाही, हे त्याच्या मानेलाही ठाऊक झालं होतं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर दुपारची बंद दुकानं पुन्हा उघडत होती, एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं आणि तिच्या तोंडावर पाटी लावलेली होती, त्या पाटीवर एक नवरा, एक बायको आणि एक मूल वर आभाळाकडे बघत हसत होती.

त्यांचा थांबा आला. ती उठली. त्याच्या गुडघ्यांवरून वाट काढताना तिचा पदर त्याच्या हाताला लागला, तरी तो जागा झाला नाही. त्याला हाक मारायची होती. तोंड उघडलंही तिने. पण काय म्हणायचं? अहो? इतक्या वर्षांत जो शब्द एकदाही आला नव्हता तो आत्ता, भर बसमध्ये, लोकांसमोर आणायचा? हाताने हलवता आलं असतं. कंडक्टरने घंटेची दोरी धरली होती. ती उतरली. बस निघाली आणि काचेतून त्याचं झुकलेलं डोकं तिच्यासमोरून पुढे गेलं.

ती रस्त्यात उभी राहिली. मग चालायला लागली. चालता चालता पावलं भराभर पडू लागली, जवळजवळ पळतच तिने रस्ता ओलांडला आणि चार जिने न थांबता चढली. दार उघडून आत आली आणि पाठीमागे लावून घेतलं. छाती धपापत होती. घरात एकटी ती काही पहिल्यांदा नव्हती. तो कितीदा रात्रभर कामावर असायचा. पण तेव्हा तो गेलेला असायचा. आज तिने त्याला सोडलं होतं. इतकी वर्षं जे करायचं म्हणून थांबली होती ते तिने केलं होतं, भर दिवसा, कुणालाही न विचारता. आता काय? तिने पुढच्या खोलीत पाहिलं. त्याचा पलंग, खुंटीवरचा निळा गणवेश, उशाशी चष्म्याचं घर. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. काहीतरी करायला हवं होतं. खिडकी उघडावी, पलंग ओढून बाजूला करावा, मोठ्याने बोलावं, गाणं म्हणून पाहावं. यातलं काहीही तिला करावंसं वाटेना. बस आता शेवटच्या थांब्याकडे चालली असेल, असा विचार तिच्या मनात आला. तिथे त्याला कुणी उठवेल. मग तो खाली उतरेल, आजूबाजूला पाहील, समजून घेईल, परतीची बस धरेल. तो रागावणार नाही. दार वाजवून जाब विचारणार नाही. त्याला जायला दुसरी जागा नाही आणि तिलाही नाही. बस इकडे वळेपर्यंतचा वेळ, तेवढीच ती सुटली होती. ती तशीच उभी राहिली. चपलाही काढायचं सुचलं नाही. बाहेर अंधारून आलं तरी दिवा लावला नाही.

जिन्यावर पावलं वाजली. वर येताना तो हल्ली प्रत्येक मजल्यावर थांबायचा. तसाच थांबत थांबत आला. किल्ली फिरली. दारात तिला अंधारात उभी पाहून तो क्षणभर दचकला, मग हात लांबवून त्याने दिवा लावला.

"उठवलं नाहीस," तो म्हणाला.

"झोपला होतात."

"हं. शेवटपर्यंत गेलो." त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. तिच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं, चपलांकडे, मग दाराकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. त्याला कळलं असावं. तो म्हणाला, "निघाली होतीस का कुठे?"

"नाही," ती म्हणाली. "आत्ताच आले."

तो मान हलवून आपल्या पलंगावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. डावा अंगठा वळत नव्हता, त्यामुळे त्याला वेळ लागत होता. ती खाली वाकली, चपला काढल्या, हातात घेतल्या आणि आपल्या खोलीत गेली.